सगळेच कसे ‘वॉक’ करतात?

माझ्या इंग्रजीत सगळी माणसं नुसती ‘वॉक’ करायची. शब्दांची यादी पाठ केली, आठवड्यात साफ! मग यवतमाळकडच्या आमच्या फाट्यावर एसटीची वाट पाहताना माणसांनाच शब्द चिकटवले. दिवसभर कापूस वेचून जड पायांनी परतणारी काकू म्हणजे ट्रज. चपला घासत जाणारे आबाजी, शफल. छाती काढून मिरवणारा पुढारी, स्ट्रट. लांब ढांगा टाकणारे गुरुजी, स्ट्राइड. दात दिसले की ग्रिन, हसू कुत्सित असलं की स्मर्क.

गोची झाली ‘फ्रूगल’ आणि ‘स्टिंजी’त. वहीत दोन्हींपुढे मी ‘कंजूष’च लिहिलं होतं. पण जुन्या लुगड्याची गोधडी शिवणारी आजी फ्रूगल, म्हणजे काटकसरी. चहाचे पैसे द्यायची वेळ आली की खिसे चाचपणारा मामा स्टिंजी, म्हणजे खरा कंजूष. मामाला सांगू नका.