गणित आणि शारीरिक शिक्षण : माध्यमिक शाळेत दोन्ही विषय शिकवण्याची तयारी कशी करावी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पटसंख्या कमी असलेल्या माध्यमिक शाळा अनेक आहेत आणि तेथे एकाच शिक्षकाकडे सकाळी भूमिती व दुपारी मैदान येणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे दोन्ही विषयांची रीतसर तयारी करून येणाऱ्या शिक्षकाची या शाळांना खरी गरज असते.

पदवी गणित विषय घेऊन विज्ञान शाखेतून करावी. त्यानंतर बी.एड. आणि बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची अध्यापन पदवी) हे प्रत्येकी दोन वर्षांचे अभ्यासक्रम येतात, म्हणजे तीन वर्षांची पदवी धरून एकूण सात वर्षे लागतात. यातील काही वर्षे वाचवण्याचे मार्ग सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. दोन्ही अभ्यासक्रमांत हजेरी सक्तीची असते आणि दोन्हींतील खरे शिक्षण वर्गात व मैदानावर उभे राहूनच होते. आधी बी.एड. करावे, असे माझे ठाम मत आहे, कारण पदवीचे गणित ताजे असतानाच ते शिकवायला शिकणे सोपे जाते.

दोन्हींसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते. बी.एड.ची परीक्षा शंभर गुणांची असून ती नव्वद मिनिटांत सोडवायची असते. वेळ लावून सराव केला की पुरे. बी.पी.एड.साठी लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही होते आणि तिच्याविषयी किनाऱ्यावरच्या मुलांना हमखास एक चुकीचा सल्ला मिळतो : रोज पुळणीवर धावा, तेवढे बास आहे. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर धावल्याने दम वाढतो हे खरे. पण किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने धावत राहिल्यास एका पायावर सतत जास्त ताण येतो, आणि भुसभुशीत वाळूत मोजलेल्या वेळेला तर काहीच अर्थ नसतो. आठवड्यातले निदान तीन दिवस मोजलेल्या सपाट मैदानावर, घड्याळ लावून धावावे. बी.पी.एड.साठी पुण्याचे चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय आणि अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे महाविद्यालय ही जुनी, नावाजलेली केंद्रे आहेत. कोकणातल्या विद्यार्थ्याने घर सोडून राहण्याची तयारी ठेवावी.

आता ज्या टप्प्यावर बहुतेक छात्राध्यापक अडखळतात आणि जो मलाही सर्वांत जड गेला, तो म्हणजे शाळेच्या मैदानावर धावण्याचा ट्रॅक आखणे. यात दोन्ही विषय एकत्र येतात, आणि तरीही गणिताचे विद्यार्थी त्याला मैदानाचे काम समजून टाळतात, तर मैदानाचे विद्यार्थी गाईडमधले आकडे पाठ करून वेळ मारून नेतात. दोघांचेही नुकसान होते.

सर्वप्रथम गाईडमधला स्टॅगरचा, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात किती पुढे घ्यायची त्या अंतराचा, तक्ता बाजूला ठेवावा. दुसऱ्या लेनचा स्टॅगर 7.04 मीटर, तिसरीचा 14.70 आणि चौथीचा 22.37 हे त्यातले आकडे खरे आहेत, पण ज्या ट्रॅकच्या आतल्या कडेला उंचवटा बांधलेला असतो त्याच ट्रॅकसाठी. तेथे पहिल्या लेनमधले अंतर कडेपासून 30 सेंटिमीटर बाहेरून मोजतात आणि बाकीच्या लेनचे अंतर आतल्या रेषेपासून 20 सेंटिमीटरवरून. आपल्या शाळेत कड नसते, नुसती फक्कीची रेषा असते, आणि अशा वेळी पहिल्या लेनचे अंतरही 20 सेंटिमीटरवरूनच मोजावे, असा नियम आहे. लेनची रुंदी 1.22 मीटर धरल्यास एका पूर्ण फेरीत प्रत्येक लेन आधीच्या लेनपेक्षा 2π × 1.22, म्हणजे 7.67 मीटरने लांब पडते. म्हणून दुसऱ्या लेनला 7.67, तिसरीला 15.33 आणि चौथीला 23.00 मीटर पुढे सुरुवात द्यावी लागते. फक्कीच्या ट्रॅकवर तक्त्यातले आकडे वापरले, तर बाहेरच्या प्रत्येक लेनमधल्या मुलाला साठ सेंटिमीटरच्या वर अंतर जास्त धावावे लागते. तालुक्याच्या स्पर्धेची निवड त्या शर्यतीवरून होणार असेल, तर हा त्या मुलावर उघड अन्याय आहे.

या हिशेबात त्रिज्या कोठेही येत नाही, हे नीट पाहावे. मैदान केवढेही असो, स्टॅगर तेवढाच राहतो. म्हणूनच तो पाठ करण्याऐवजी काढता येणे महत्त्वाचे आहे.

दोनशे मीटरच्या ट्रॅकसाठी 18 मीटर त्रिज्या घेतली, तर धावण्याची त्रिज्या 18.20 होते, दोन्ही वळणे मिळून 114.35 मीटर भरतात आणि प्रत्येक सरळ बाजू 42.82 मीटरची राहते. चार लेनसाठी सुमारे 88.6 मीटर लांब व 45.8 मीटर रुंद जागा लागते. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, पुष्कळ शाळांना एवढी रुंदी मिळत नाही. तेथे त्रिज्या 15 मीटर घ्यावी. सरळ बाजू 52.25 मीटर होते, जागा 92 मीटर लांब पण 40 मीटरपेक्षा कमी रुंद पुरते. वळण बसत नाही म्हणून अर्धवर्तुळ चेपून अंडाकृती करणे मात्र पूर्णपणे चूक आहे, कारण मग कोणताच हिशेब लागू पडत नाही.

आखताना मैदानाच्या मध्यातून एक सरळ दोरी ताणावी आणि तिच्यावर 42.82 मीटर अंतरावर दोन केंद्रे ठोकावीत. जांभ्यावर लाकडी खुंटी शिरत नाही, मोठे लोखंडी खिळे घ्यावेत. प्रत्येक केंद्रावर काटकोन 3, 4, 5 च्या प्रमाणात काढावा, पण 3, 4 आणि 5 मीटरचा छोटा त्रिकोण न घेता 9, 12 आणि 15 मीटरचा घ्यावा, कारण लहान त्रिकोणातली बोटभर चूक पुढे वाढत जाते. दोन्ही बाजूंना 18 मीटर मोजले की आयताचे चार कोपरे मिळतात. त्याचे दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय फक्कीला हात लावू नये. दोन्ही 55.94 मीटर यायला हवेत. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर काटकोन पुन्हा काढावा. त्यानंतर केंद्रावरून 18 मीटरवर आणि पुढे प्रत्येक वेळी 1.22 मीटर वाढवत अर्धवर्तुळे फिरवावीत. त्यासाठी तार वापरावी. नायलॉनची दोरी ताणते आणि सुतळी दवाने आखडते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो वळणावर स्टॅगर मोजताना. 23.00 मीटर हे वर्तुळकंसाचे अंतर आहे, आणि ताणलेला टेप जीवा मोजतो. चौथ्या लेनची धावण्याची त्रिज्या 21.86 मीटर असल्याने 23 मीटरच्या कंसाचा केंद्रीय कोन साधारण 60 अंशांचा येतो, म्हणजे केंद्र आणि कंसाची दोन टोके मिळून जवळजवळ समभुज त्रिकोण होतो. जीवा त्रिज्येएवढी, नेमकी सांगायची तर 21.95 मीटर भरते. जर सरळ टेपने 23 मीटर मोजून सुरुवातीची रेषा मारली, तर त्या लेनमधला धावपटू एक मीटरपेक्षा जास्त पुढे उभा राहतो. हा फरक दुसऱ्या लेनला अवघा पाच सेंटिमीटरचा असतो, म्हणून तो आखताना लक्षात येत नाही आणि पद्धत बरोबर असल्याचा समज होतो. जीवेची लांबी आधी कागदावर काढून मगच मैदानावर उतरावे. शर्यत दोन फेऱ्यांची आणि पूर्ण लेनमधून असेल, तर स्टॅगर दुप्पट होतो, हेही लक्षात ठेवावे.

फक्कीऐवजी कळीचा चुना मुलांच्या हाती कदापि देऊ नये. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. खाऱ्या हवेत पोलादी टेप लवकर गंजतो, म्हणून वापरल्यावर तो पुसून तेलाचा हात फिरवून ठेवावा. पावसाळ्यात सगळे वाहून जाते, तेव्हा दोन्ही केंद्रांचे खिळे जमिनीच्या पातळीत सिमेंटमध्ये बसवावेत आणि त्यांची अंतरे शाळेच्या इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून वहीत लिहावीत. मग नोव्हेंबरमध्ये आखणीचे काम निम्म्यावर येते.

हाच विषय गणिताच्या सराव पाठासाठी घ्यावा, असे मी आवर्जून सांगतो. दहावीच्या महत्त्वमापनात वर्तुळकंसाची लांबी येते. एका तासिकेत संपूर्ण ट्रॅक आखायला जाऊ नये. वर्गाचे दोन गट करून एकाला 5 मीटर व दुसऱ्याला 8 मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ द्यावे, प्रत्येकाने 1.22 मीटर बाहेर दुसरे अर्धवर्तुळ काढावे आणि दोन्ही कंसांवर सैल दोरी बसवून लांबीतला फरक मोजावा. दोन्ही गटांना 3.83 मीटरच्या आसपास उत्तर येते, आणि त्रिज्या वेगळ्या असून फरक सारखाच का, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. पाठ टाचणात मैदानावर जाण्या-येण्याची मिनिटे धरावीत, नाहीतर निष्कर्ष फळ्यावर यायच्या आत घंटा होते.

बी.एड.मधील वीस आठवड्यांच्या शालेय अनुभवापैकी मोठा भाग दुसऱ्या वर्षी येतो. त्यासाठी शक्यतो दोन्ही विषयांना पूर्ण वेळ शिक्षक असलेली शाळा मागून घ्यावी.

शेवटी परीक्षा. शासनाच्या पवित्र पोर्टलवरील भरतीसाठी 200 गुणांची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते, आणि ती दरवर्षी होत नाही. पहिली 2017 मध्ये व त्यानंतरची थेट 2023 मध्ये झाली, म्हणून जाहीर होईल ती संधी घ्यावी. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पहिली ते आठवीसाठी असली तरी माध्यमिक शाळांत पाचवी किंवा आठवीपासूनचे वर्ग असतात, तेव्हा गणित-विज्ञान घेऊन तिचा दुसरा पेपरही उत्तीर्ण व्हावे. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. 2023 पासून माध्यमिकसाठी मानधन दरमहा 18,000 रुपये आहे. पोर्टलवर प्राधान्यक्रम भरण्यापूर्वी शाळा प्रत्यक्ष पाहून यावी, आणि मुख्याध्यापकांना भेटण्याआधी तिचे मैदान पावलांनी मोजावे.