एसी गार होत नाही? गॅस भरण्याआधी इंजिनाची उष्णता तपासा

गोव्यातल्या पर्वरीच्या वाहतूक कोंडीत एसीतून कोमट वारा येतो आणि मोकळा रस्ता लागला की पुन्हा गार होतं, असं असेल तर लगेच गॅस भरून घेऊ नका. केबिनमधली उष्णता गॅसबरोबर पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये येते आणि तिथे बाहेर सोडली जाते. त्याच्या अगदी मागेच रेडिएटर असतो आणि त्यातलं पाणी साधारण ९० ते १०० अंशांवर असतं. गाडी धावताना दोघांनाही वारा मिळतो, उभी असताना सगळी भिस्त फॅनवर. फॅन मंदावला की इंजिनाकडची तापलेली हवा वळून कंडेन्सरवरच येते, गॅसचा दाब चढतो आणि गारवा जातो.

म्हणून पहिली तपासणी फॅनची. इंजिन व एसी चालू ठेवून बोनेट उघडा. फॅन थोड्याच वेळात जोरात फिरायला हवा. हात दूर ठेवा. इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो.

मग कंडेन्सर. डिचोली-सांखळीकडची तांबडी धूळ त्याच्या पात्यांत घट्ट बसते आणि किनाऱ्यावरची खारी हवा ती पाती कुरतडते. गाडी थंड झाल्यावर साध्या पाइपने, हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात, तो वापरूच नका. पाती हाताने चुरा होत असतील तर धुऊन उपयोग नाही, कंडेन्सर बदलावा लागेल.

कुलंटची, म्हणजे रेडिएटरमधल्या इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची पातळी इंजिन थंड असतानाच टाकीवरच्या खुणेशी पाहा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आतलं पाणी उसळून भाजतं. पातळी सारखी उतरत असेल तर गळती शोधायलाच हवी.

चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना एसी अचानक थांबला तर आधी तापमानाचा काटा पाहा. इंजिन फार तापलं की बऱ्याच गाड्या एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, आपोआप बंद करतात. काटा चढत असेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा. उकडेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. तरीही काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा.

एवढं सगळं ठीक निघालं तरच गॅसकडे वळा. गॅरेजमध्ये गॅसचा जास्त आणि कमी दाबाच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजायला सांगा आणि भरण्याआधी गळती तपासून घ्या.