पाटी नंतर, आधी चिंचोके

जूनमध्ये मूल अंगणवाडीत आलं की दिवाळीच्या आत एखादी आई दारात उभी राहतेच. "ताई, शेजारच्यांचा इंग्लिश मीडियमला जातो, त्याला ए बी सी डी लिहिता येतं. आमचा नुसता खेळतोच का हो?" बावीस वर्षं सेविका आहे, हा प्रश्न मला पाठ झालाय. पूर्वी मी समजावत बसायचे. आता त्या आईला सतरंजीवर बसवते आणि मूठभर चिंचोके पुढे ठेवते. घरी हेच करायचं असेल तर कसं, ते सांगते.

चिंचोके विकत आणावे लागत नाहीत. आमच्या जुन्नर भागात होळीच्या सुमाराला बायका चिंचा फोडायला बसतात, तेव्हा म्हणाल तेवढे मिळतात. चिकटलेला गर धुऊन काढायचा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवायचे, नाहीतर कीड लागते. शंभरेक पुरेत. सोबत परात, तीन-चार वाट्या आणि अरुंद तोंडाची एक प्लास्टिकची बाटली.

तीन वर्षांखालचं भावंड आसपास असेल तर मात्र हा खेळ काढूच नका. मोठं मूल खेळत असलं तरी समोरून उठू नका. माझ्याच अंगणवाडीत एका पोराने नाकात हरभरा घातला होता. मी खाऊ वाढायला वळले तेवढ्यात. हरभरा ओलाव्याने फुगतो, आणि आपण बोट घातलं की आणखी आत सरकतो. डॉक्टरांनी काढला, पण तेव्हापासून माझ्या खेळात कडधान्य नाही. चिंचोका मोठा असतो म्हणून निर्धास्त राहू नका, तो घशात अडकू शकतो.

आता खेळ. चिंचोके परातीत ओतायचे, बाटली शेजारी ठेवायची आणि गप्प बसायचं. मोठ्यांना नेमकं हेच जमत नाही. लगेच "मोज बघू, किती झाले?" सुरू. काही विचारू नका. मूल आधी मूठ भरून बाटलीच्या तोंडावर रेटतं, निम्मे सांडतात. पुन्हा रेटतं. दोन-तीन दिवसांत त्याचं त्यालाच कळतं की एकेक धरावा लागतो. अंगठा आणि पहिल्या बोटाची चिमूट होते, मधलं बोट खालून टेकू देतं. पेन्सिल याच तीन बोटांत धरायची असते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, मऊ असतात आणि साडेतीन वर्षांच्या मुलात त्यांतली जेमतेम निम्मी हाडं बनू लागलेली असतात. अशा हाताला दुरेघी वहीत 'अ' गिरवायला बसवलं की तो पेन्सिल मुठीत आवळतो, खांद्यातून जोर लावतो, कागद फाटतो. मग आपण म्हणतो, पोराचं लक्ष नाही.

मटार सोलायला बसवा, कणकेचा गोळा द्या, तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतू द्या, तेही हाताचंच काम. पाणी सांडेल. फडकं त्याच्याच हातात द्या.

मोजणं मी उशिरा काढते. एका चार वर्षांच्या मुलीसमोर मी चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, पाच तिचे, पाच माझे. "सारखेच," म्हणाली. मग माझी ओळ जरा लांब पसरली. "आता तुझे जास्त!" मोजायला लावलं, बोट ठेवून दोन्हीकडे बरोब्बर पाच मोजले, तरी "तुझेच जास्त." मी चूक दुरुस्त केली नाही. पुढचे सात-आठ महिने ती चिंचोके वाटून घेत, हरत, भांडत खेळली. एक दिवस पुन्हा तीच ओळ पसरली तर माझ्याकडे बघून म्हणते, "पाचच आहेत की, तू नुसते लांब ठेवलेस." शंभरपर्यंत धडाधड आकडे म्हणणारी पोरंही इथे फसतात. आकडे म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं.

भातुकलीत तोच चिंचोका पैसा होतो, घटकाभराने डॉक्टरची गोळी. मधे पडून "अरे, हा चिंचोका आहे" म्हणू नका. एका वस्तूने दुसरीची जागा घ्यायची, हे मूल इथे शिकतं. अक्षर तरी वेगळं काय करतं?

बसून कंटाळली की "शिवाजी म्हणतो" खेळा. "शिवाजी म्हणतो, हात वर." सगळ्यांचे हात वर. नुसतं "हात खाली" म्हटलं की हलायचं नाही. तीन वर्षांची सगळीच फसतात. पाचव्या वर्षाकडे आलेली दात-ओठ खात स्वतःला थांबवतात. हे थांबणं वर्गात ओरडून शिकवता येत नाही.

यातलं काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी शंखशिंपले, बिया, पानं, दगड घेतले. वारली मुलं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती तिथली; सरकारी योजना त्यानंतरची, २ ऑक्टोबर १९७५ ची. आज आमच्या अंगणवाडीकडे लोक खिचडीची जागा म्हणून बघतात, याचा मला राग येतो. असो.

त्या दारातल्या आईला चिंचोके दिल्यावर मी एक कागद देते आणि डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहायला सांगते. परवा एकीने पेन इतकं आवळलं की बोटं पांढरी पडली, नाव ओळीच्या खाली घसरत गेलं. मी म्हटलं, "लक्ष कुठाय गं तुझं?" ती हसली, कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. फाटकापाशी जाऊन परत वळली आणि विचारलं, "ताई, बाटलीचं तोंड केवढं हवं?"