इंदूरमध्ये पॉक्सोची तक्रार: पहिल्या दिवसापासून काय सांभाळायचं

पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा. मूल अशा अत्याचाराबद्दल सांगायला लागलं की ऐकायचं. ‘ओरडली का नाहीस’ ही उलटतपासणी नको. मुलाचे शब्द तारीख-वेळेसह जसेच्या तसे कागदावर उतरवा. आई, मावशी, आजी, शाळेतल्या बाई अशा सगळ्यांनी पुन्हा पुन्हा वदवून घेतलं की तपशील हलतात आणि बचावाचा वकील ‘पढवलंय’ म्हणायला मोकळा होतो.

घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. प्रत्येक कपडा सावलीत वाळवून वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमटपणाने बुरशी धरते. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, पण जितकं लवकर तितकं बरं. एफआयआर झाली नसली तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते, म्हणून आधी एम.वाय. (इंदूरचं सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालय) गाठलं तरी चालतं. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते.

नातलग ‘घरातच मिटवू’ म्हणतील. तो मार्गच नाही: गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला पॉक्सोच्या कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) वर कळवा, नाहीतर कुठल्याही ठाण्यात जा. घटना देवासची असली तरी इंदूरच्या ठाण्याला झिरो एफआयआर (हद्द न पाहता नोंदवलेली तक्रार) घ्यावीच लागते. टाळाटाळ झाली तर लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने झोनच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा (शहरात डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय आहे; ग्रामीण भागात एसपींना). तरी हललं नाही तर न्यायालयात अर्ज.

जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. मुलाच्या भरवशाचं माणूस शेजारी असावं. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मूल मराठीतच मोकळं बोलत असेल तर दुभाषी मागा. ठाण्यात लिखाण हिंदीत होतं. सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या, गोळाबेरीज केलेली वाक्यं दुरुस्त करायला लावा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला २४ तासांत कळवलं का, तेही विचारा.

अटक झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. जामीन, सुटका, कोठडी यांची माहिती घरच्यांना मिळायला हवी. तपास अधिकाऱ्याकडे ती लेखी मागा, तोंडी उत्तर पुढे कामाला येत नाही. आरोपी कोठडीतून पळाला तर तो वेगळा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम २६२). वॉरंट निघूनही फरार राहिला तर न्यायालय किमान ३० दिवसांची मुदत देऊन उद्घोषणा (हजर होण्याचा जाहीर आदेश) काढतं, मालमत्ता जप्तही करू शकतं. धमकी आली तर फोन, तारीख, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि त्याच दिवशी सरकारी वकिलामार्फत साक्षीदार संरक्षणाचा अर्ज द्या. शाळेला, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाला मात्र मुलाचं नाव किंवा फोटो कळता कामा नये. ओळख उघड करणं हाही गुन्हाच.