‘कुणी केलं?’ हा प्रश्न जरा नंतर

काही बिघडलं की आपल्या तोंडून आधी निघतं ते ‘कोण’. कुणी ठेवलं, कुणी सांगितलं, कुणाची पाळी होती? मी कारखान्यात सुपरवायझर आहे. पाळी बदलताना हे रोज कानावर पडतं आणि घरीही काही वेगळं नसतं. माझं म्हणणं इतकंच, की हा प्रश्न थोडा मागे ढकला. समोरचा माणूस दुखावत नाही, खरं कारण लवकर हाती लागतं, आणि पुढे कधीतरी हाच माणूस आपणहून काहीतरी सुचवायला येतो. शेवटचा फायदा सहसा कुणी हिशेबात धरत नाही.

पहिलं काम सावरण्याचं. सांडलं असेल तर पुसा, मशीन चालू असेल तर बंद करा, कुणाला लागलं असेल तर ते बघा. हे होईपर्यंत राग निम्मा उतरलेला असतो. उरलेला घेऊन बोलायला बसलात तरी चालतं, फक्त चारचौघांत नको.

मग विचारायचं, ‘काय काय झालं, पहिल्यापासून सांग.’ ‘असं का केलंस?’ हा दिसायला प्रश्न असला तरी ऐकणाऱ्याला तो आरोपच वाटतो. तो लगेच बचावाला लागतो आणि तुमच्या हाती फक्त सबबी येतात. ‘सांग’ म्हटल्यावर गप्प बसायचं. मला हे अजूनही जड जातं, कारण मधेच ‘हो, पण’ म्हणायला जीभ शिवशिवते.

जमत असेल तर सांगण्याऐवजी करूनच दाखवायला लावा. आमच्याकडे एका पट्टीला दोन भोकं पाडायचं काम होतं. एक भोक कडेच्या जरा जवळ, दुसरं जरा लांब. फरक इतका थोडा, की नुसत्या डोळ्याला पट्टी दोन्हीकडून सारखीच दिसते. रात्रपाळीत ट्रेभर पट्ट्या उलट्या ड्रिल होऊन रिजेक्ट झाल्या. सकाळी सगळे एका नव्या मुलावर तुटून पडले: लक्ष नसतं, मोबाइल बघत असणार. त्याला मशीनपाशी नेलं आणि म्हटलं, ‘कर बरं एक, मी बघते.’ त्याने पट्टी फिक्श्चरमध्ये, म्हणजे ती जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यात, सरकवली, क्लॅम्प आवळला. मी ती काढली आणि उलटी करून सरकवली. तीही तशीच अलगद बसली, क्लॅम्पही लागला. मुलगा बघत होता. मग हळूच म्हणाला, ‘मॅडम, ट्रेमध्येच काही सरळ येतात, काही उलट्या.’ थोड्या वेळाने पट्टीच्या एका कोपऱ्यावरचं बारीक चॅम्फर, म्हणजे तिरका काप, त्यानेच दाखवलं आणि तो काप फिक्श्चरच्या ज्या कोपऱ्यात येतो तिथे एक पिन बसवली तर उलटी पट्टी आत जाणारच नाही, हेही त्यानेच सुचवलं. पिन बसली, प्रश्न मिटला. त्याला झापून पाठवलं असतं तर ही पिन कुणालाच सुचली नसती.

असंच, पण फार मोठ्या प्रमाणावर, दुसऱ्या महायुद्धात घडलं होतं. अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घेत, आणि विमान पोटावर बसे. कागदावर कारण पडे ‘वैमानिकाची चूक’. अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट नीट पाहिलं, तर दोन्ही कामांचे खटके शेजारी शेजारी आणि दिसायला जवळजवळ सारखे. सी-४७ या मालवाहू विमानात मात्र ते वेगळ्या धाटणीचे होते आणि तिथे हा घोटाळा होत नव्हता. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा आकार दिला. हाताला फरक कळू लागला आणि प्रकार थांबला.

म्हणून कुणालाच जाब विचारायचा नाही, असं मी म्हणत नाही. मोजायचं गेज न लावताच रीडिंग भरणाऱ्याला मी सोडत नाही. नजरचूक आणि लबाडी यांना एकाच मापाने मोजलं, तर नीट काम करणाऱ्यांवर अन्याय होतो. अशा माणसाशी एकट्यात, स्पष्ट आणि थोडक्यात बोलायचं. त्याच्या खानदानाचा उद्धार करायची गरज नसते.

जुन्या, मनात घट्ट बसलेल्या रागाचं काय? कागदाच्या मधोमध एक रेघ मारा. डावीकडे फक्त घडलं ते, उजवीकडे आपण धरून चाललो ते. ‘मी आजारी असताना बहिणीचा फोन आला नाही’ हे डावीकडे. ‘तिला माझी पर्वाच नाही’ हे उजवीकडे. दुसऱ्याचं वागणं आपण त्याच्या स्वभावाच्या खात्यावर टाकतो आणि परिस्थिती विसरतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या खोडीला ‘मूलभूत गुणारोपण दोष’ अशा अर्थाचं नाव दिलं. उजवी बाजू बहुधा डावीपेक्षा लांब निघते. डावीकडचं तेवढं तिच्याशी बोलायचं किंवा सोडून द्यायचं. सोडून दिलं म्हणजे पुन्हा गळ्यात गळे घालायलाच हवेत, असंही नाही.

आता कल्पनांचं. एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या गटांत चुकांची नोंद उलट जास्त निघाली. चुका तिथे जास्त होत होत्या म्हणून नव्हे, लोक त्या न घाबरता सांगत होते म्हणून. चूक सांगायलाच भीती वाटते तिथे अर्धीकच्ची कल्पना कोण बोलून दाखवणार?

मिटिंगमध्ये ‘कुणाला काही सुचतंय का?’ असं विचारू नका. सगळे खाली बघतात, मग एकच बोलका माणूस बोलत राहतो. आधी पाच मिनिटं प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात हेच दिसलं होतं: एकत्र बसून विचार करणाऱ्या गटापेक्षा तितक्याच, पण वेगवेगळं बसलेल्या माणसांनी मिळून जास्त कल्पना दिल्या. चिठ्ठ्या वाचताना सर्वांत नव्याची आधी, साहेबांची शेवटी. आणि ‘हे आम्ही करून पाहिलंय’ या वाक्याला निदान त्या दिवशी तरी बंदी. करून पाहिलं असेल तर कुठे अडलं ते सांगा. नव्या माणसाला तिथूनच वाट दिसू शकते.

स्वतःची कल्पना मांडताना ती कच्ची आहे हे आधीच सांगून टाका: ‘यात कुठे अडेल ते सांगा.’ दुसऱ्याने त्यात बदल केला तर कुरकुर नको. दुसऱ्याची कल्पना वर पोचवताना मात्र त्याचं नाव घ्या, आणि तो समोर असताना घ्या.

सूचनापेटीवर माझा फारसा विश्वास नाही. पेटीत टाकलेल्या चिठ्ठीला उत्तर येत नाही, म्हणून लोक टाकायचं सोडतात. आम्ही चिठ्ठ्या तारीख घालून बोर्डावर लावतो. पुढच्या मिटिंगला आधी जुन्या चिठ्ठ्यांची उत्तरं, मग नव्या. उत्तर ‘नाही’ असेल तर का नाही, ते त्याच चिठ्ठीवर खाली लिहायचं.