मूठभर पानमातीचं विरजण

जीवामृत, म्हणजे नैसर्गिक शेतीतलं शेण-गोमूत्राचं आंबवण, ज्यांनी एकदा तरी केलं आहे त्यांना ती 'बांधावरची मूठभर माती' चांगली ठाऊक असते. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि वर ही मूठ. गूळ-बेसन हे खाणं. खाणारे, म्हणजे मातीतले सूक्ष्मजीव, येतात शेणातून आणि त्या मुठीतून. कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर शेण-गोमूत्राचं पिंप ठेवलं तर शेजारी जिन्यात ओळख दाखवणार नाहीत. पण नुसती ती मूठ आणि थोडं पिठूळ खाणं एवढ्यावरही काम भागतं. कोरियातल्या जाडम नावाच्या शेतीपद्धतीत हेच करतात: झाडाखालची कुजलेली पानमाती, उकडलेला बटाटा, समुद्री मीठ, पाणी. मूळ कृती ५०० लिटरच्या पिंपाची आहे. इथे ती बादलीच्या मापात दिली आहे.

हे खत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ५ लिटर पाण्यात २५ ग्रॅम बटाटा पडला तर त्यातून झाडाला नत्र-स्फुरद-पालाश मिळून मिळून किती मिळणार? हे विरजण आहे, आणि विरजण लागायला दूध हवं. कुंडीत कंपोस्ट, शेणखत, पाचोळा असेल तर आलेल्या जिवांना तिथे राहायला आणि खायला काही असतं. रोपवाटिकेतून आणलेल्या, घट्ट बसलेल्या नुसत्या लाल मातीवर हे ओतणं म्हणजे पाण्याला विरजण लावणं.

माती कुठून आणायची

पुणेकराच्या मनात पहिल्यांदा टेकडी येते. वेताळ टेकडी, तळजाई, रोजचंच फिरणं, पिशवीभर माती आणली तर काय बिघडलं? बिघडतं. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे, आणि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाची जी व्याख्या आहे तिच्यात झाडाची पानं आणि जमिनीच्या वरच्या थरातली मातीसुद्धा येते. राखीव वनातून ती परवानगीशिवाय उचलता येत नाही. शिवाय टेकडीवर मातीचा थर मुळात बोटभर, खाली मुरूम आणि कातळ. तिथली माती तिथेच बरी. मुळशी-वेल्ह्याकडच्या देवराईचा तर विचारही नको. जिथून पडलेली काडी उचलायची नाही असं गावानं पिढ्यान्‌पिढ्या पाळलं आहे तिथे आपण खुरपं घेऊन जायचं नसतं.

लागते ती फक्त मूठभर, आणि ती जवळच मिळते. सोसायटीच्या कोपऱ्यातला जुना आंबा किंवा जांभूळ, ओळखीच्या शेतावरचा बांध, वडाचा किंवा उंबराचा पार, बांबूचं बेट. मालकाला विचारून घ्या. झाडाच्या जातीपेक्षा त्याखालचा पाचोळा वर्षानुवर्षं कुणी झाडून काढलेला नाही, याला जास्त महत्त्व. माळी रोज झाडू मारतो त्या झाडाखाली काही मिळणार नाही.

वरची कोरडी, वाजणारी पानं हातानं बाजूला करा. खाली एकमेकांना चिकटलेली ओलसर, काळपट पानं लागतात. काहींची नुसती शिरांची जाळी उरलेली असते. दोन पानं अलगद सोडवली की मधे कापसाच्या धाग्यासारखे पांढरे तंतू ताणले जातात आणि तुटतात. ही बुरशी, आणि हीच हवी. या थराखालची दोन-तीन इंच भुसभुशीत माती, त्या कुजक्या पानांसकट, मुठीत घ्या आणि हुंगा. वळवाच्या पहिल्या सरीचा वास यायला हवा. मातीतले ॲक्टिनोमायसिट जातीचे जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा हा वास. आंबट किंवा गटारासारखा वास आला तर तिथे हवा पोचत नाही. दुसरी जागा बघा. माती घेऊन झाली की पाचोळा पुन्हा होता तसा पसरून ठेवा.

नको त्या जागाही सांगतो: रस्त्याकडेची, नाल्याकाठची, तणनाशक मारलेली, निलगिरीखालची. कुत्र्या-मांजरांची नेहमीची जागा तर अजिबात नको. भाजीच्या जुन्या वाफ्यातली मातीही टाळा. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तिच्यातून तुमच्या टोमॅटो-वांग्यात येऊ शकतात.

सगळ्यात चांगली माती मिळते भाद्रपद-आश्विनात, पाऊस ओसरता ओसरता. एप्रिल-मेमध्ये पाचोळा कुरकुरीत झालेला असतो. तेव्हा निवडलेल्या जागी बादलीभर पाणी ओतून वर पानं झाका आणि तीन-चार दिवसांनी जा. आणलेली माती कापडी पिशवीत, सावलीत ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात उभ्या गाडीत दुपारभर राहिली, तर ती टाकून नवीन आणलेली बरी.

पाणी

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते जंतू मारायलाच घातलेलं असल्यामुळे तुमची मूठ त्यात सरळ टाकली तर ते आपलं काम चोख करेल. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत २४ तास उघडं ठेवा, दोनदा ढवळा. 'गुरुवारी पाणी बंद' अशी सूचना आली की बुधवारी बादल्या भरून ठेवतोच; त्यातलीच एक वापरायची.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याची अडचण वेगळी. त्यात सहसा क्षार जास्त असतात. केस धुतल्यावर राठ होतात, बादलीला पांढरा थर धरतो, असं पाणी असेल तर कृतीतलं मीठ सरळ गाळा. आरओच्या नळीतून वाहून जाणारं पाणीही नको, त्यात क्षार आणखी साठलेले असतात.

कृती

बाल्कनीतल्या किंवा गच्चीवरच्या बागेला ५ लिटर पुष्कळ. दहापट पातळ केल्यावर त्याचं ५० लिटर होतं, म्हणजे मध्यम आकाराच्या शंभर कुंड्या. मोठी बाग, आंबा-लिंबाची आळी असतील तर २० लिटर करा.

५ लिटरला २५ ग्रॅम बटाटा, ५ ग्रॅम खडे मीठ (सपाट चहाचा चमचा) आणि दोन-तीन मोठे चमचे पानमाती. २० लिटरला मध्यम आकाराचा एक बटाटा, साधारण १०० ग्रॅम. मीठ २० ग्रॅम. पानमाती एक सैल मूठ, ५० ग्रॅमच्या आसपास. मिठाची काळजी वाटत असेल तर हिशेब बघा: लिटरमागे १ ग्रॅम, आणि वापरताना दहापट पातळ केल्यावर दशांश ग्रॅम. कुंडीला ते जड नाही. मात्र 'थोडं जास्त घालू' हा स्वयंपाकघरातला हात इथे चालवू नका.

बटाटा सालासकट अगदी मऊ उकडा आणि पूर्ण गार होऊ द्या. घाईत गरम बटाटा मातीबरोबर कुस्करला तर जे जगवायचं तेच भाजून निघतं. जुन्या धोतराच्या किंवा सुती ओढणीच्या दोन पुरचुंड्या करा: एकीत बटाटा, दुसरीत पानमाती आणि बुडण्यापुरता एक खडा. बादलीवर आडवी काठी ठेवून दोन्ही पाण्यात लोंबत्या सोडा. मीठ विरघळवा. मग बटाट्याची पुरचुंडी पाण्यातच पिळत राहा, पाणी ताकाच्या निवळीसारखं धुरकट होईपर्यंत. दुसरी पुरचुंडी तशीच चोळा. पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो. वर सुती कापड बांधा. घट्ट झाकण नको. बादली सावलीत ठेवा आणि मग ढवळाढवळ बंद.

केव्हा तयार झालं ते कसं कळतं

सगळी गोम इथे आहे. पहिले काही तास काहीच दिसत नाही. मग कडेनं मोहरीएवढे बुडबुडे धरतात. पुढे ते वाढत जाऊन पाण्यावर फेसाचा चकतीसारखा थर जमतो. फेस दाट, बुडबुडे बारीक आणि वास मातकट, किंचित आंबूस असला की तोच क्षण. त्यानंतर खाणं संपतं, फेस विरळ होतो, बुडबुडे मोठे होऊन फुटतात आणि पाणी शांत होतं. ती उतरती कळा. फेस भरात असताना, फार तर अर्ध्या दिवसात, वापरून टाका. बाटलीत भरून 'पुढच्या रविवारी घालू' असं याचं होत नाही.

किती तास लागतात ते हवेवर आहे. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत साधारण दीड ते दोन दिवस. एप्रिल-मेच्या कडाक्यात २४ तासांतच फेस येऊन बसूनही जातो. कामावर जाणाऱ्यांची वेळ नेमकी हुकते. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून नजर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो तेव्हा तीन दिवस, कधी चारही लागतात. बादली बाल्कनीतून स्वयंपाकघरात घ्या, भोवती गोणपाट गुंडाळा. ५ लिटरची बादली २० लिटरपेक्षा लवकर तापते आणि लवकर गार होते, हेही ध्यानात असू द्या.

फेस आला म्हणजे सगळं उत्तम झालं असं मात्र नाही. फेस इतकंच सांगतो की कुणीतरी जेवतंय. कोण जेवतंय ते नाक सांगतं. कुजक्या अंड्याचा किंवा सडक्या बटाट्याचा वास आला तर ते कुंडीत घालू नका. कंपोस्टच्या ढिगावर ओता. कारण बहुतेक वेळा बटाटा जास्त पडला, किंवा बादलीला ऊन लागलं, किंवा एक दिवस जास्त राहिलं. फेस आलाच नाही तर आधी क्लोरीनचा संशय घ्या, मग वाळक्या मातीचा, मग थंडीचा.

वापरायची रीत

गाळून घ्या, दहापट पाणी मिसळा. तेही क्लोरीन उडालेलं असलं तर उत्तम. कोवळ्या रोपांना वीसपट पातळ. १२ इंची कुंडीला अर्धा लिटर पुरतं. मोठ्या झाडाला ५ ते १० लिटर, पण बुंध्यात नाही. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्या रेषेखाली, कारण खाणारी बारीक मुळं तिथे असतात.

मातीला वाफसा असताना, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, संध्याकाळी घाला. कोरड्या ठाक कुंडीत ते कडेच्या फटीतून थेट ताटलीत उतरतं; चिखल असेल तर हवा नाही. घातल्यावर वर दोन इंच पाचोळ्याचं आच्छादन करा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. बोर्डो मिश्रण किंवा दुसरं तांबेयुक्त बुरशीनाशक नुकतंच घातलं असेल तर दोन आठवडे थांबा.

कोथिंबीर, मेथी, सॅलडची पानं यांवर फवारायचं नाही. मातीत सगळे साधूच असतात असं नाही, आणि आपण जे वाढवलंय ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं नाही. मुळाशी घाला, पानं धुऊन खा, काम झाल्यावर हात साबणानं धुवा. पानांवर फवारल्यानं रोग थांबतात असंही ऐकायला मिळतं. त्याचे अनुभव एकसारखे नाहीत, तेव्हा भुरीसाठी (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी) याच्या भरवशावर राहू नये. पटत नसेल तर एकाच जातीच्या सहा कुंड्या घ्या: तीनला हे, तीनला तेवढंच साधं पाणी, तीन महिने. खुणेला कुंडीवर खडूची रेघ पुरते.

उरलेलं पाणी त्याच दिवशी ओतून बादली घासून उलटी ठेवा. डेंग्यूच्या दिवसांत गच्चीवर विसरलेली बादली ही जिवाणूंची नव्हे, डासांची सोय असते.

माशांच्या टाकीचा पंप लावून, पाण्यात हवा सोडत राहूनही असं विरजण करता येतं: १५ लिटर पाणी, पाव किलो पानमाती पुरचुंडीत, ३० ग्रॅम गूळ किंवा काकवी, २४ ते ३६ तास अखंड हवा. मधेच वीज गेली आणि पंप दोन-तीन तास बंद पडला तर आतला प्राणवायू संपून सगळं फिसकटतं. गूळ वाढवाल तसा नको त्या जंतूंचाही भाव वधारतो. घरगुती बागेसाठी बटाट्याचीच कृती सोपी.

दर वेळी झाडाखाली जायचं नसेल तर पानमाती घरीच तयार होते. माघ-फाल्गुनात सोसायटीत पानांचे ढीग पडतात आणि कुणीतरी काडी लावायच्या बेतात असतं. त्याआधी दोन गोण्या भरून घ्या. पानं भिजवा, दाबून भरा, मधे एक मूठ चांगली पानमाती पसरा, आणि गोणी सावलीत मातीला टेकवून ठेवा. महिन्यातून एकदा उलटीपालटी करा. आतलं पान हाताला ओलं लागलं पाहिजे, पिळल्यावर पाणी गळता कामा नये. गुलमोहराची बारीक पानं पावसाळा संपेपर्यंत काळी होतात. वड, फणस, आंबा यांची चामड्यासारखी पानं वर्ष घेतात. ती भरण्याआधी पायानं तुडवून चुरली तर दोन-तीन महिने वाचतात.