पोटाच्या श्वासचाचणीची तयारी महिनाभर आधीच

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू नळी न घालता शोधायचा, तर यूरिया श्वासचाचणी उत्तम. मात्र आधीचे 4 आठवडे अँटिबायोटिक आणि बिस्मथ नको, शेवटचे 2 आठवडे पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही आम्ल कमी करणारी औषधेही नकोत. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये बहुधा हेच औषध असते, आणि ‘गॅसची गोळी’ म्हणून ती रोज पोटात जात राहते. चाचणीत दिलेला यूरिया जंतू फोडतो, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड श्वासात मोजतात. गोळीने जंतू दबला की अहवाल खोटा निगेटिव्ह येतो. तेव्हा घरातली सगळी पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर मनाने काहीही थांबवू नका.

चाचणीआधी 6 तास उपाशी. गोव्यात काणकोण, वाळपईहून पहाटेच्या बसने बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठणाऱ्यांनी वाटेत चहा-पाव घेऊ नये. भाजी-पाव पिशवीत ठेवा, नंतर खा. कॅप्सूल दिली तर अखंड गिळा. चावली की तोंडातले जंतूही यूरिया फोडतात आणि खोटा पॉझिटिव्ह येतो. गरोदर असाल तर आधीच सांगा, किरणोत्सारी कार्बन-14 ची कॅप्सूल चालत नाही.

दूध पचत नाही किंवा पोट सतत फुगते म्हणून हायड्रोजनची श्वासचाचणी सांगितली असेल, तर आदला दिवस महत्त्वाचा. उकड्या तांदळाऐवजी पांढरा भात, सोबत मीठ लावून भाजलेली मासळी किंवा अंडे, बस्स. अळसांदे (चवळी), पोई (कोंड्याचा पाव), कांदा, नारळाचे हुमण (माशाची आमटी), दूध, फळे बंद. न पचलेला अंश आतड्यातले जंतू आंबवतात आणि हायड्रोजनचा सुरुवातीचाच आकडा चढतो. मग 12 तास उपास. सकाळी दात घासा, विडी-सिगारेट आणि व्यायाम टाळा. दर 15 ते 30 मिनिटांनी फुंकायचे असते, 2 ते 3 तास मोडतात. मधुमेह असेल तर इन्सुलिनचे आधी विचारा, कारण काही वेळा 75 ग्रॅम ग्लुकोज पाजतात.

शौचातून हेलिकोबॅक्टरचे अँटिजेन (जंतूचे अंश) तपासायचे, तरी गोळ्यांचा नियम तोच. वाटाण्याएवढा नमुना पुरतो. त्यात लघवी वा पाणी मिसळू देऊ नका. आपल्याकडच्या उकाड्यात डबी गाडीत विसरू नका, लगेच देता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

पोटाच्या सोनोग्राफीला 6 ते 8 तास उपाशी राहा, नाहीतर पित्ताशय आकसते.

काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे किंवा कारण नसताना वजन उतरणे, यातले काही असेल तर महिनाभर थांबू नका. तिथे नळी घालून केलेली तपासणी, म्हणजे एन्डोस्कोपीच लागते.